वेताळाच्या अंगठीत जादू कशाला घातली?

वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे, कॉमिक्समधला मुखवटेवाला फँटम. त्याच्याकडे कसलीही शक्ती नाही, हीच त्याची सगळी मजा. गोळी लागली तर तो मरतो. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवतो आणि जंगलाला वाटतं, चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय. हे गुपित त्याचा जंगलातला मित्र गुरन आणि गुरनची बांदार टोळी, वेताळाची बायको डायना आणि आपण वाचणारे, एवढ्यांनाच ठाऊक.

१९९६ चा ‘द फँटम’ नेमका इथेच घसरला. दिग्दर्शक सायमन विन्सरच्या या सिनेमात सोन्याची, चांदीची आणि जेडची अशा तीन कवट्या आहेत. त्या एकत्र आल्या की विध्वंसक किरण सुटतो. तेवढंही खपवून घेतलं असतं, पण चौथी कवटी म्हणजे वेताळाच्या बोटातली अंगठीच निघते आणि शेवटची झुंज तीच तारून नेते. गुंडाच्या जबड्यावर कवटीचा जन्माचा छाप उठवायचा, एवढंच त्या अंगठीचं काम. तीच मंतरली तर ठोशाला काय किंमत उरली?

गंमत म्हणजे पाया पक्का होता. वेताळाचा जन्मदाता लेखक ली फॉक, त्याच्या जुन्या कथा हाताशी घेतल्या होत्या: १९३६ च्या पहिल्या कथेतले चाचे, विमानातून लुटणाऱ्या बायकांची टोळी, आणि वेताळाच्या कमरपट्ट्याची गोष्ट. पट्ट्याची गोष्ट आपल्याकडच्या जुन्या वाचकांना पाठ असेल, मार्च १९६४ मधला इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक तोच. विसाव्या वेताळाला पाठीत सुरा खुपसून मारणारा त्याचा पट्टा पळवतो. इंद्रजालने त्या खुन्याचं नाव बदलून रामालू केलं होतं, सिनेमात तो क्विल आहे. आपण ज्याला मारलं तोच पुन्हा समोर उभा, हे पाहून क्विल चक्रावतो. अख्खा वेताळ या एका प्रसंगात आहे. पुढे मात्र कवट्यांच्या लखलखाटात बापाच्या खुनाचा हिशेब मागे पडतो.

मेलेला बाप मुलाशी बोलायला येतो, तेही मला रुचलं नाही. फॉकने हे काम गुहेतल्या नोंदवह्यांकडून करून घेतलं होतं. प्रत्येक पिढीने आपलं लिहून ठेवायचं, पुढच्याने वाचायचं. भुतापेक्षा वही भारी.

डोळ्यांचंही तेच. ग्रीक पुतळ्यांना बुबुळं नसतात, त्यावरून फॉकने मुखवट्यात कोरे पांढरे डोळे ठेवले. पडद्यावर वेताळ झालेल्या बिली झेनचे डोळे दिसतात. चेहरा जिवंत होतो, दरारा जातो. पट्ट्यापट्ट्यांची चड्डीही गाळली आहे. जांभळा वेष मात्र ठेवला, आणि उन्हात तो कापडासारखाच दिसतो. न्यूजप्रिंटवर सपाट हिरव्याशेजारी सपाट जांभळा शोभतो. तसाही हा वेष घालून चैत्रात आपल्या पानगळीच्या सागवनात कोणी फिरला, तर गुराख्याला कोसावरून दिसेल.

पोरांना दाखवायचा असेल तर सुरुवातीचा दोरखंडाच्या पुलावरचा ट्रक चुकवू नका, त्यातला तणाव खरा आहे. सिनेमा शंभर मिनिटांचा, पण आधी पट्ट्याचा अंक वाचून घ्या म्हणजे क्विलच्या कमरेकडे लक्ष जाईल.

अंक माळ्यावरून काढणार असाल तर जपून. टिनाखाली वैशाखभर तापलेलं न्यूजप्रिंट घडीवर तुटतं, म्हणून सपाट पाटावर ठेवून उघडा, हातात धरून उलगडू नका. पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंज कागद खातो. बोथट सुरीने पिनेचे पाय आधी सरळ करा, मग बाहेरून ओढा. पाय वाकडे असताना ओढली तर मधलं पान फाटतं. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैल गाठ मारा, घट्ट आवळला की दोरा भोक कापत जातो. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको: डिंक पिवळा पडून छपाईत उतरतो आणि पुढे काढताना रंग सोबत घेऊन येतो. पातळ कागदाची पट्टी मैद्याच्या खळीने लावा, खळीत चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे कसर लागत नाही, पण ते विषारी आहे, हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा. पेटी चार विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर. कुडाच्या भिंतीला टेकवली की उदई थेट आत शिरते. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला, आणि तोही फडक्याच्या पुरचुंडीत, नाहीतर पानाचा डाग नेमका वेताळाच्या तोंडावर उमटायचा.