थोरल्याचं कोण विचारतंय

जेवण अंगावर आलेलं, पंखा पाचावर, आणि भाचीनं टीव्हीवर ‘इंटरस्टेलर’ लावलेला. पिक्चर २०१४ चा, माझा बघून झालेला. तरी लोळत लोळत बघत राहिलो. अवकाशातले पिक्चर दुपारी बघायला बरे असतात. मध्येच डुलकी लागली तरी जाग येते तेव्हा यान अजून शनीपाशीच असतं.

शेवटाला माणूसजात वाचते. पिक्चरचा हिरो कूपर कृष्णविवरात पडूनही जिवंत परततो आणि शनीजवळच्या तरंगत्या वसाहतीतल्या दवाखान्यात डोळे उघडतो. त्याचं शेतावरचं घर तिथं जसंच्या तसं उभं केलेलं असतं, म्युझियम म्हणून. लेक मर्फ आता पार म्हातारी झालेली, खाटेवर. भेट होते, बाप गहिवरतो, लेक म्हणते तू जा आता, आणि बाप यान काढून पुन्हा निघतो.

मी उठून बसलो.

“अगं, टॉमचं काय झालं?”

“कोण टॉम?” भाची म्हणाली.

घ्या! कूपरचा थोरला मुलगा हो. बाप अवकाशात निघतो तेव्हा धाकटी दार लावून रुसून बसते, आणि थोरला एवढंच विचारतो की तू नसताना तुझी गाडी मी वापरू का. थोरल्यांना रुसायची सवलत नसते. शाळेत परीक्षा होते, मार्कांवरून ठरतं की हा शेतकरी होणार. मास्तर सांगतात, जगाला आता इंजिनिअर नकोत, शेतकरी पाहिजेत. बापाला राग येतो. टॉमला येत नाही, त्याला शेती आवडते. आणि पिक्चरमध्ये ज्याला शेती आवडते त्याचं पुढं काय होणार, हे आपल्याला तिथंच कळतं. त्याला कुणी यानात बसवत नाही.

त्या पिक्चरात एकेक पीक रोगानं संपत चाललेलं असतं. भेंडीचा शेवटचा हंगाम पेटवून देतात (इथं भाचीला आनंद झाला), मग उरतो फक्त मका. चहूकडं मका आणि धूळ. त्या एकपिकी जगाची परदेशातल्या प्रेक्षकाला धास्ती वाटत असेल. कोल्हापूरच्या माणसाला काय वाटणार? पन्हाळ्यावरून खाली बघा, ऊस. शिरोळकडं जा, ऊस. त्यातही बऱ्याच ठिकाणी एकच वाण, ८६०३२. २००२ च्या सुमाराला लोकरी मावा ही कीड आली तेव्हा पानाच्या पालथ्या अंगाला कापूस पिंजून चिकटवल्यासारखं पांढरं दिसायचं आणि वरच्या अंगाला काजळी. दादा ते पान बोटांनी पुसायचा, बोटं शर्टाला पुसायचा, पुढचं पान धरायचा. एकरभर उसाची पानं अशी पुसून होत नसतात, हे त्यालाही कळत होतंच. त्या वेळी आम्ही कुणी नासाला फोन केला नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी शिकलो, शहरात आलो, खुर्चीवर बसून पगार घेतला. तो गावाकडं, नदीकाठाला, चिखलीच्या अंगाला. शेत, ऊस, म्हशी. आमच्या घरात परीक्षा वगैरे झाली नव्हती. तो आधी जन्मला होता, तेवढं पुरलं.

माणूसजात संपणार, असं आम्हाला पहिल्यांदा कळलं ते १९७९ साली. अमेरिकेची स्कायलॅब ही सत्तर-पंच्याहत्तर टनांची अवकाशातली प्रयोगशाळा खाली पडणार होती आणि कुठं पडणार ते तिच्या मालकांनाही सांगता येत नव्हतं. गावात ठरूनच गेलं की ती आपल्यावर पडणार. एवढ्या मोठ्या जगात तिला आमचीच आळी का सापडावी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तारीख ११ जुलै. बुधवार. आणि वर आखाड. आता आखाडातल्या बुधवारी जग बुडणार असेल तर कोल्हापूरचा माणूस काय करील, हे सांगायला नको. सकाळीच मटणाचे वाटे पडले. ज्यांची पुढच्या आठवड्यात कापायची होती ती कोंबडी त्याच दिवशी गेली. आईनं पांढरा एवढा केला की शेजारी देऊनही उरला. मरायचंच आहे तर उधारी कशाला ठेवायची, असं म्हणून एकानं वडिलांचे पैसे आणून दिले. दुसऱ्या दिवशी ते परत मागायला आला, तो भाग वेगळा.

रात्री सगळ्यांनी माजघरात एकत्र झोपायचं, असा वडिलांचा हुकूम. भिंत जाड म्हणून. मोजली तर दादा नव्हता. तो गोठ्यात घोंगडं टाकून पडलेला. एक म्हैस व्यायला झाली होती. वडील कंदील घेऊन गेले, मी मागोमाग. दादा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. म्हणाला, “पडली तर हिच्यावर पडंल. मग मी आत झोपून काय करू?” वडील काही बोलले नाहीत, कंदील तिथंच ठेवून आले. रात्री दहाच्या सुमाराला स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली, तुकडे थेट ऑस्ट्रेलियात जाऊन पडले. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. म्हैस पहाटे व्याली.

पिक्चरमधला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग म्हणजे पाण्याच्या ग्रहावरचा. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. जवळ कृष्णविवर असल्यानं काळ सावकाश चालतो. यातलं शास्त्र किप थॉर्न या पदार्थवैज्ञानिकानं सांभाळलं. पुढं २०१७ ला त्याला नोबेल मिळालं, ते गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी. हे कोल्हापुरात कुणाला सांगून बघा, लगेच उत्तर येतं, नारळीकर आमचेच. खोटं नाही. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. वाढले बनारसला, हे आम्ही हळू आवाजात सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची विज्ञानकथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावानं. आपलं नाव बघून परीक्षकांनी भुलू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे या पिक्चरच्या चाळीस वर्षं आधी आमच्या माणसानं कृष्णविवराला हात घातला होता. पण मला त्याहून आवडते ती दुसरीच गोष्ट. केंब्रिजात नाव झालेलं असताना १९७२ ला ते भारतात परत आले.

तर, पाण्याच्या ग्रहावरून कूपर यानात परततो तोवर पृथ्वीवर तेवीस वर्षं गेलेली. साठलेले निरोप तो बघत बसतो. सगळे जण तिथं कूपरकडं बघून रडतात. मी पडद्यातल्या पडद्यावर बघतो. निरोप कुणाचे आहेत? टॉमचे. वर्षामागून वर्षं तोच पाठवतोय. शाळा संपली, ही पोरगी आवडलीय, हा तुझा नातू. मग आजोबा गेले. कूपरचे सासरे ते, ज्यांनी पोरं वाढवली. त्यांना पुरलं घरामागच्या रानात, टॉमच्या बाळाशेजारी. म्हणजे ते नातवंडही गेलं, हे बापाला असं बोलता बोलता कळतं. शेवटी टॉम म्हणतो, बायको म्हणते आता तुला सोडून द्यायला पाहिजे. मर्फचा मात्र इतक्या वर्षांत पहिलाच निरोप, तोही रागाचा. पुढचा सगळा पिक्चर तिचा.

म्हातारपणी लेकीला भेटल्यावर या बाप्याला एका वाक्यानं विचारता आलं नाही, की टॉम कसा होता गं? घराचं म्युझियम केलंत, घर सांभाळणाऱ्याचा फोटो तरी लावलाय का?

त्यांच्याकडं प्लॅन ए असतो, प्लॅन बी असतो. बी म्हणजे पृथ्वीवरच्यांचा नाद सोडायचा आणि गोठवलेले गर्भ नेऊन नव्या ग्रहावर वस्ती करायची. आमच्याकडंही बी तयार आहे. १९८९ च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीला सोनतळीला जागा मिळाल्या. तिथं जायला पिक्चरमधल्यासारखं कृमिविवर, म्हणजे अवकाशातला आडमार्ग, लागत नाही, वडापची जीप जाते. पाणी चढलं की लोक तिकडं जातात, ओसरलं की परत येतात. जुनं घर, रान आणि नदी इकडं असल्यावर दुसरं काय करणार? २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. बोटी आल्या. दादानं म्हशी उंचवट्यावरच्या एका पडवीत नेऊन बांधल्या होत्या. बोटीतला जवान म्हणाला, फक्त माणसं, जनावरं नाहीत. दादा म्हणाला, मग मी बी न्हाई. वहिनीला आणि पोरांना बसवून दिलं आणि हा तिथंच थांबला. हायवे बंद, फोन बंद. मी इथं टीव्हीसमोर बसून पुराच्या बातम्या बघत होतो. पाणी उतरल्यावर दिसला तेव्हा त्याच्या पायाची कातडी पांढरी होऊन सुटत होती. एक रेडकू गेलं, एवढंच बोलला.

भाचीला यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, “मामा, तू पिक्चर बघत नाहीस, भांडत बसतोस.” मग मी दादाला फोन लावला आणि पिक्चरची गोष्ट सांगितली. थोडक्यात. कृष्णविवराला त्यानं हूं केलं. टॉम शेत सोडायला तयार नसतो, म्हणून बहीण त्याचा उभा मका पेटवते, तिथं आलो तेव्हा मात्र थांबवलं.

“बहिणीनं पेटवला?”

“हो.”

“उभा?”

“उभा.”

“आमचा जळका ऊस कारखाना घेतोय, खरं कपात लावतोय. त्याच्या मक्याला कोण इचारणार? मग ह्यानं काय केलं?”

“पळत आला. तर तिनं मिठी मारली त्याला. म्हणाली, बाबा परत आलाय, तो आपल्याला वाचवणार.”

“बरं. आन पुढं?”

“पुढं दाखवलंच नाही त्याचं.”

“मग असंल की तिथंच,” दादा म्हणाला. “जातोय कुठं?”