नुसती साथ?

"तुम्ही नुसती साथच करता, की स्वतःचंही काही वाजवता?" मैफल संपल्यावर एका काकांनी अगदी प्रेमानं विचारलं. मी हसलो, पेटीचा भाता बंद केला.

पण बोचलं.

आज मारवा रागात गायिका षड्ज, म्हणजे 'सा', जवळ आला की त्याला बगल देत होती. पुढची जागा कुठली, हे तिलाही आधी ठाऊक नसतं. मला कुठून असणार? त्यात पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. तिच्या मींडेतले नेमके स्वर उचलायचे, तेही ती पुढे सरकायच्या आत. ही उपज, म्हणजे ऐनवेळी स्वतःला सुचलेलं, नाही?

गोविंदराव टेंबे पेटीवाले. 'मानापमान' नाटकाच्या (१९११) चाली त्यांच्या, 'अयोध्येचा राजा' चित्रपटातला (१९३२) हरिश्चंद्रही तेच.

त्यांनाही कुणी असं विचारलं असेल का हो?