मावशींच्या सतरा रजा

आमच्या मुलीला सांभाळायला मावशी सोमवार, बुधवार, शुक्रवार येतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांकडे. पगार ६,५०० रुपये. रजेबद्दल सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "महिन्याला दोन खाडे चालतील, पुढचे कापू." विषय संपला होता.

चैत्रात मावशी म्हणाल्या, "ताई, सप्तशृंगीला जायचंय. सोमवारी निघते, पुढच्या मंगळवारी हजर." वर सांगून झालं होतं. मीही हो म्हटलं आणि महिनाअखेरीला वही घेऊन बसले. माझ्याकडचे खाडे चार. दोन माफ, दोन कापायचे. ६,५०० भागिले ३० म्हणजे दिवसाचे २१७ रुपये.

लिहिता लिहिता हात थांबला. दिवाळीआधी दोन रविवार जादा बोलावलं होतं, तेव्हाही याच भावानं पैसे दिले होते. पण मावशी माझ्याकडे महिन्यातून तेराच दिवस येतात, म्हणजे त्यांचा एक दिवस ५०० रुपयांचा. खाडा कापताना मी स्वतःला मोठ्या मनाची समजत होते, आणि जादा दिवसाला २८३ रुपये खात होते!

मग कायदा शोधला. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणकारी योजनांचा. रजा किती द्यायची ते त्यात नाही. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आहे: ८ नैमित्तिक रजा, सणावारांच्या ८ भरपगारी सुट्ट्या आणि दर २० दिवस कामामागे एक अर्जित रजा. तो घरांना लागू नाही, शिवाय अर्जित रजेला वर्षात २४० दिवस काम हवं. मावशींचे माझ्याकडे होतात १५६. तरी माप म्हणून घेतला. सहा दिवसांच्या आठवड्यातले तीन, म्हणून नैमित्तिक ८ चे ४ आणि सणांच्या ८ चे ४. १५६ भागिले २० म्हणजे ७.८. एकूण १५.८.

नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिच्याकडेही तीन दिवसांची नॅनी आहे. तिला फोन केला. तिथे वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा द्यावीच लागते. तीन दिवसवालीला ५.६ गुणिले ३, म्हणजे १६.८ दिवस. बँक हॉलिडे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या, त्यातच धरले तरी चालतात. दोन्ही हिशेब इतके जवळ येतील असं वाटलं नव्हतं. मी सतरा लिहिले, सणांसकट.

सण वेगळे का नाही ठेवले? कॅलेंडर काढून बघितलं. २०२६ मध्ये २६ जानेवारी सोमवारी, १ मे आणि २ ऑक्टोबर शुक्रवारी. तिन्ही माझ्या वारांना. वरच्यांच्या वाट्याला फक्त १५ ऑगस्ट, शनिवार. बाई तीच, पण एका घरी तीन सुट्ट्या आणि दुसऱ्या घरी एक. त्यापेक्षा सगळं एका आकड्यात आणलेलं बरं. वरच्या ताईंनाही कागद दाखवला. त्या "बघू" म्हणाल्या.

मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गडाचे चार गेले, तेरा राहिले. त्यातला एक तिसऱ्या श्रावणी सोमवारचा, त्र्यंबकच्या फेरीला." मग पदर खोचत म्हणाल्या, "आणि ताई, तुम्ही डिसेंबरात दापोलीला गेला होतात कुलूप लावून. तेव्हा मी घरीच बसून होते. पुढच्या खेपेला ते तेरात धरणार?"

हे माझ्या वहीत नव्हतंच. मी म्हटलं, नाही. आम्ही गावाला गेलो तर पगार चालू, रजा शिल्लक. सासूबाईंनी आतून भांडं जरा जोरात ठेवलं. कॅलेंडरवर मावशींनीच पेन्सिलीनं चार फुल्या मारल्या, आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी एक गोल.