मान दुखते आणि तोंड उघडायचं?

आज मानेचा एक्स-रे काढला. 'आ करा, अजून मोठा, आता हलू नका.' मान दुखत असताना तोंड कशाला उघडायचं, ते फिल्म पाहिल्यावर कळलं. एरवी जबडा आणि दात आड येतात. आज मात्र वरच्या दातांच्या खाली मधोमध पहिला मणका, अ‍ॅटलस, स्वच्छ दिसला. नुसती कडी! आणि त्या कडीत दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळण या दोघांमध्येच होतं. मी तर बघतच राहिले.

त्याआधी कायरोप्रॅक्टरांनी (मणक्यांवर हाताने उपचार करणारे) मानेला हात न लावता प्रश्नच विचारले होते. चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ जड होते का, हातापायाला मुंग्या, संधिवात? मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. आणि आमवातात, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकारात, सुळक्याला धरून ठेवणारा अस्थिबंध सैल पडू शकतो. बाजूने काढलेल्या फिल्मवर त्यांनी कडी आणि सुळक्यातली फट मोजून दाखवली. मोठ्या माणसात ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत चालते. माझी २.

तरीही आज मान कडकन वळवली नाही. आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवून या म्हणाले. उद्या सकाळी जातेय.