बेपत्ता माणसाचा हप्ता

माझी सगळी नोकरी फोर्टात, एका विमा कंपनीच्या क्लेमच्या टेबलावर. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, वारसाची सही आली की फाइल पुढे सरकायची. अडायच्या त्या बेपत्ता माणसांच्या फायली. पुरावा कायद्याचं कलम १०८ (नव्या कायद्यात १११) तोंडपाठ होतं. ज्यांना माणसाची खबर एरवी लागली असती त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो हयात असल्याचं सिद्ध करायचं तसं म्हणणाऱ्याने. तोवर पॉलिसी चालू हवी, म्हणजे हप्ते भरत राहायचे. वर्सोव्याच्या एक बाई यायच्या, नवरा वादळात होडीसकट गेलेला. पावतीची घडी करून बटव्यात सारताना म्हणायच्या, "दर्यानं नेलं त्याला भाऊ, मग हप्ता कुणाचा भरते मी?" मी शिक्का मारायचो.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्याबद्दल काही वाचलं की मला हे कलम आठवतं. ५ डिसेंबर १९७१. बत्तीस नंबरच्या स्क्वाड्रनचं सुखोई-७ घेऊन ते पश्चिम पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या धावपट्टीवर हल्ला करायला गेले आणि पाडले गेले. विमान एकट्या वैमानिकाचं, त्यामुळे आतून सांगणारं दुसरं कुणी नाही. देह हाती आला नाही. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

कलमाचा सगळा डोलारा 'खबर नाही' यावर उभा. इथे खबर थांबतच नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलेलं. सिमला करारानंतर युद्धकैदी परतले, त्यांत ते नव्हते. १९७९ मध्ये लोकसभेत पाकिस्तानी तुरुंगांत असल्याचं मानल्या जाणाऱ्या चाळीस जणांची यादी दिली गेली, पुढे आकडा ५४ वर गेला. १९८३ मध्ये आणि २००७ मध्ये नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले. हाती काही लागलं नाही. आमच्याकडे कुणीच नाही, हे पाकिस्तानचं म्हणणं.

आपल्या धर्मशास्त्रात यासाठी बारा वर्षं सांगितली आहेत. मग पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री आहेच. सोय आमच्या मॅन्युअलपेक्षा बरी, निदान हप्ते तरी मागत नाही! पण आधी घरच्यांनी 'गेला' म्हणायला हवं. अमक्याने अमक्या तुरुंगात पाहिलं, असं अधूनमधून कानावर येत असेल तर ते कुणाच्या तोंडून निघेल? अशा बाईला 'आता विसरा' असा सल्ला देणाऱ्यांची मला चीड येते.

उलटसुलट खबरा येत राहिल्या तर सात वर्षं मोजायची कुठून, हे कलम सांगत नाही. माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती तर मी शेरा मारून ती साहेबांकडे पाठवली असती, आणि साहेबांनी दिल्लीला.