अकरा महिन्यांचा करार

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात मला दोन उलट गोष्टी पटवून द्याव्या लागल्या. सोमवारी सरकारी दवाखान्यात, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी, मला काय काय जमत नाही ते. आणि गुरुवारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरमालकीण काकूंपुढं, मला सगळं कसं जमतं ते.

आजार बायपोलर, म्हणजे मन कधी इतकं चढतं की झोप उडते नि पैसे उधळले जातात, कधी पार खचतं. बारा वर्षांत तीनदा ॲडमिट झालो. शेवटच्या खेपेनंतर घरी आलो तर गोळ्या दादा मोजायचा आणि वहिनी दिवसातनं सहा वेळा विचारायच्या, "रात्री झोप लागली न्हवं?" काळजीपोटीच विचारायच्या. पण दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात मी एक सतत नजरेखाली.

मग बाहेरगावच्या एका पुनर्वसन केंद्रात आठ महिने काढले. गेट सातला बंद. जेवण चांगलं, चहा वेळेवर. परत आलो तेव्हा साधा चहा करताना दूध किती घालायचं ते आठवेना.

समाजसेविका ताईंनी तेव्हा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा समजावून सांगितला. कलम 19 म्हणतं, घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्यावरनं कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. कलम 18 प्रमाणे हाफ-वे होम (दवाखाना आणि घर यांच्यामधला मुक्काम), आधारासह निवास (स्वतःचं घर, लागेल तेवढी मदत) या सोयी सरकारनं करायच्या. वाचून बरं वाटलं. शोधायला निघालो तेव्हा मात्र कळलं, कोल्हापुरी असली तरी चप्पल झिजतेच.

शेवटी ताईंच्याच संस्थेनं जुळवलं. आम्ही तिघं, एक घर. डिपॉझिट संस्थेचं, भाडं आमचं, आणि अकरा महिन्यांच्या करारावर सह्याही आमच्याच. केंद्रात मी पेशंट होतो, इथं भाडेकरू.

प्रमाणपत्राचं आधी सांगतो. मानसिक आजारात किमान 40 टक्के दिव्यांगत्व निघालं तरच बहुतेक सवलती मिळतात. त्यासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींवर गुण देतात (अडचण जास्त तितके गुण जास्त), शिवाय आजार किती वर्षांचा तेही बघतात. "रोज आंघोळ करता का?" करत होतो. खरं सांगितलं तर गुण कमी, म्हणजे बरं होण्याचाच दंड! तरी खरंच सांगितलं.

काकूंनाही खरंच सांगितलं. ताई म्हणाल्या होत्या, सांगायलाच पाहिजे असं काही नाही. पण उद्या गोळ्यांची पाकिटं दिसणारच. आधीच्या दोन मालकांनी ऐकताच नकार दिला होता. काकूंनी एवढंच विचारलं, "दारू पिऊन दंगा करता काय?"
"नाही."
"मग बघूया की."

राहायला जायच्या आधी साध्या कागदावर सही करून इचलकरंजीच्या बहिणीला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी केलं, म्हणजे मी आजारी पडलो तर उपचाराच्या निर्णयांत माझ्या बाजूनं उभं राहणारं माणूस. कायद्याला तेवढा कागद चालतो. दादा दोन दिवस बोलला नाही. कपाटाच्या दाराला आतनं दुसरा कागद डकवलाय: सलग दोन रात्री झोप नाही, तर बहिणीला फोन आणि एटीएम कार्ड तिच्याकडं. मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असल्यामुळं दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, उन्हाळ्यात पाणी जास्त पितो. पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं.

ताई मंगळवारी आणि शनिवारी येतात. परवा आल्या तेव्हा सिलिंडरचे पैसे कुणी द्यायचे यावरनं आमचं जोरात भांडण चाललेलं. त्या मधे पडल्या नाहीत. चहा घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघाल्या. पैसे मीच दिले, पण पुढचा सिलिंडर त्या दोघांचा.