कोटमध्ये गेलेलं ‘नाही’

दुपारी चारच्या सुमारास डेटाबेस सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. एवढंच विचारलं, “जुन्या नोंदी कुणाच्या सांगण्यावरून काढल्या? मी तर नको म्हणून लिहिलंय.”

आमच्याकडची तिकिटांची यंत्रणा माझ्याकडे आहे. तिकीट म्हणजे एका विषयावरच्या प्रश्नोत्तरांची लेखी नोंद. ग्राहकांच्या तक्रारी, आपसातले प्रश्न, परवानग्या, सगळं तिथेच लिहून होतं. फोनवर ठरलेलं चार दिवसांनी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लेखीच हवं हा आग्रह माझाच. त्यामुळे लेखी असूनही घोळ झालाय हे ऐकल्यावर पोटात गोळाच आला.

नोंदी काढणारा मुलगा माझ्या शेजारीच बसतो. कामाला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. विचारल्यावर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “सर, हे बघा ना. मॅडमनीच लिहिलंय, ‘हो, आजच करा.’”

खरंच लिहिलं होतं. मॅडमच्या नावाखाली, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी.

दोघांनाही मी ओळखतो. दोघांपैकी कुणी खोटं बोलत असेल असं क्षणभरही वाटलं नाही. म्हणून वाद ऐकत बसण्याऐवजी तिकीट पहिल्यापासून वाचायला घेतलं.

मुलाने एकाच मजकुरात दोन प्रश्न विचारले होते. मॅडमनी प्रत्येक प्रश्न कोट करून, म्हणजे त्याच्याच शब्दांत पुन्हा उतरवून, त्याच्या खाली उत्तर लिहिलं होतं. हीच पद्धत चांगली, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. पण पडद्यावर दिसत होत्या फक्त दोन करड्या पट्ट्या आणि सगळ्यात खाली एक वाक्य, ‘हो, आजच करा.’ कोट केलेला मजकूर आमची यंत्रणा घडी घालून ठेवते. लोक उत्तर देताना मागचं सगळं शेपूट ओढत आणतात, आणि नवीन काय लिहिलंय ते शोधता शोधता दमछाक होते, म्हणून ती सोय केलेली. पट्ट्यांमध्ये काय असणार हे त्या मुलाला ठाऊक होतं, त्याचेच प्रश्न. आपणच विचारलेला प्रश्न उघडून पुन्हा कोण वाचतं?

मी पहिली पट्टी उघडली. आत लिहिलं होतं, ‘बंद झालेल्या खात्यांच्या जुन्या नोंदी काढायच्या का? नाही, लेखापरीक्षण होईपर्यंत हात लावू नका.’

एकच परिच्छेद, एकच करडा रंग. प्रश्नाला चिकटूनच ‘नाही’, तेही विचारणाऱ्याच्याच नावावर. मॅडमचं उत्तर त्यांच्या तोंडून काढून त्या मुलाच्या तोंडी घातलं गेलं होतं, आणि वर घडी घालून झाकलं होतं.

मग मूळ मजकूर उघडला, मॅडमनी टाइप केला होता तसाच.

> बंद झालेल्या खात्यांच्या जुन्या नोंदी काढायच्या का?
नाही, लेखापरीक्षण होईपर्यंत हात लावू नका.

> चाचणीसाठी उघडलेली खाती बंद करायची का?

हो, आजच करा.

दुसऱ्या प्रश्नानंतर एक ओळ रिकामी आहे. पहिल्यानंतर नाही. सगळा फरक तेवढाच.

साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला यात काहीच चूक दिसणार नाही. तिथे हिशोब ओळीचा असतो. ज्या ओळीच्या सुरुवातीला ‘>’ ती समोरच्याची, जिला नाही ती माझी. ‘>>’ असेल तर त्याच्याही आधीच्या माणसाची. मॅडमचा हात त्यावरच बसलेला. आमच्या यंत्रणेत मात्र मजकूर मार्कडाउनने, म्हणजे साध्या खुणांवरून मांडणी करणाऱ्या पद्धतीने, सजतो. जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये ते आणलं, ‘>’ ही खूण ईमेलमधूनच उचलली, पण हिशोब परिच्छेदाचा ठेवला. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला खूण दिली की पुढच्या ओळींना नाही दिली तरी चालते. रिकामी ओळ येईपर्यंत सगळं कोटमध्येच. पुढे कॉमनमार्क या मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीत याला ‘लेझी कंटिन्युएशन’ असं नावही मिळालं.

ही सवलत उगाच दिलेली नाही. ईमेलची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी असा संकेत आहे. कोट करताना प्रत्येक ओळीपुढे खूण आणि मोकळी जागा येते, ओळ लांबते, मग तिचं शेपूट तुटून पुढच्या ओळीवर पडतं, आणि त्याला खूण नसते. ओळीचा हिशोब धरला तर समोरच्याचे दोन-तीन शब्द माझ्या नावावर येतात. परिच्छेद धरला तर ते सांभाळले जातात. पण त्याच नियमाने मॅडमचं उत्तरही सांभाळलं, नको त्या जागी.

हे दोघांना समोरासमोर बसवून दाखवलं. मॅडम बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, “तू वाचलंस ते बरोबरच वाचलंस रे.” इतका वेळ ताठ बसलेला तो पोरगा तेव्हा कुठे खुर्चीला टेकला. मला त्या वाक्याचं मोल फार वाटतं. लेखी पुरावा हातात असताना बरेच जण ‘मी लिहिलं होतं’ यावरच अडून बसले असते.

नोंदी जुन्या, त्यांत आता कुणी बदल करत नव्हतं, म्हणून आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून जशाच्या तशा परत आणता आल्या. रात्रीचे साडेनऊ झाले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत सूचना आली की कोट करणंच बंद करू, सगळ्यांनी वरती सरळ उत्तर लिहावं. मी विरोध केला, आजही करेन. नुसतं ‘हो, आजच करा’ असं वरती लिहिलं असतं तर ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर हे कुणालाच कळलं नसतं. १९९५च्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचारांच्या टिपणात म्हटलंय की उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश द्या, नाहीतर संदर्भ लागेल इतकाच भाग ठेवा. ‘इतकाच’ हे आम्ही पाळत नव्हतो. सगळे अख्खा मजकूर ओढून आणत होते म्हणून घडी घालावी लागली, आणि घडी होती म्हणून ‘नाही’ झाकलं गेलं. लोकांना कोट करायला शिकवणारा मी, पण कोट संपला की एक ओळ रिकामी सोडा हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या हाताला ते आपोआप होत होतं, म्हणून सुचलंच नाही.

दोन बदल केले. छोट्या कोटची घडी घालणं बंद केलं. आणि कोटच्या लगेच खाली खूण नसलेली ओळ आली तर पाठवण्याआधी यंत्रणा थांबवते, ‘ही ओळ कोटमध्ये जाईल, चालेल का?’ असं विचारते.

त्यानंतर मनात आलं, हे एकदाच झालं असेल कशावरून? जुन्या तिकिटांमध्ये असाच आकृतिबंध शोधायला लावला. बऱ्याच ठिकाणी खरोखरच तुटलेल्या ओळी होत्या, काळजीचं काही नव्हतं. पण ४१ तिकिटांत उत्तर कोटमध्ये गिळलं गेलेलं. बहुतेकांनी ‘उत्तराची वाट पाहतोय’ म्हणून पुन्हा विचारलं होतं आणि त्यांना ते मिळालंही होतं. आम्हाला त्या वेळी ती माणसं उतावळी वाटली असणार.

एका ग्राहकाने मात्र पुन्हा विचारलंच नव्हतं. आपली फाइल का उघडत नाही हे त्याने सविस्तर लिहिलं होतं, आमच्यातल्या एकाने त्याच दिवशी, मन लावून, पाच ओळींचं उत्तर दिलं होतं. त्या पाचही ओळी त्याच्याच प्रश्नाच्या पोटात. खाली दिसत होतं फक्त ‘धन्यवाद’. आठ महिन्यांपूर्वीचं तिकीट, ‘प्रतिसाद नाही’ म्हणून आपोआप बंद झालेलं.

त्याला मी स्वतः लिहिलं. काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. मग त्याच्या प्रश्नातली नेमकी एक ओळ कोट केली, खाली एक ओळ रिकामी सोडली आणि ते पाच ओळींचं उत्तर, ज्याने लिहिलं होतं त्याच्या नावानिशी, तिथे ठेवलं.